भोकरीच्या पाड्यावरचं तळं

तीस वर्षं मी भूगोल शिकवला आणि आजही मला नाशिकरोडहून कॉलेज रोडला जायचं तर दोनदा रस्ता विचारावा लागतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्याचं तुम्हाला फार नवल वाटणार नाही. नकाशा मला तोंडपाठ असतो, पाय मात्र भलतीकडे वळतात. आमच्या घरात यावर इतक्यांदा हसून झालंय की आता कुणी हसतही नाही, नुसतं "बरं बरं" म्हणतात.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा प्रशांतचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी. नववीत असताना नकाशाभरणात त्यानं नर्मदा गोदावरीच्या खालून वाहवली होती आणि मी त्याला दहापैकी दोन गुण दिले होते. आता तो उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे बनवणाऱ्या एका कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणजे बघा.

त्यानं मला समजावलं ते असं. उपग्रह दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला आपल्या डोक्यावरून जातो आणि खालचं चित्र घेतो. त्या चित्राचे चौकोन पाडायचे. कुठल्या चौकोनात काय आहे ते कॉम्प्युटर ठरवतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या चित्राशी ताडून जमीन कशी बदलली ते सांगतो. पण कॉम्प्युटर चुकतो. म्हणून काही ठिकाणी माणसानं स्वतः जाऊन, तिथं उभं राहून, खरंच काय आहे ते कळवायचं. जाता जाता तो असंही म्हणाला की हाच नकाशा पुढे नळपाण्याच्या योजनेला जाणार आहे. ज्या चौकोनात वस्ती दिसेल तिथपर्यंत पाइप, पुढे नाही. मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मला एवढंच विचारायचं होतं की मी नक्की करायचं काय.

"फक्त उभं राहायचं, बाई."

तीस वर्षं फळ्यासमोर दुसरं काय केलं होतं? मी हो म्हटलं.

फोनवर त्यानं एक फॉर्म टाकून दिला. त्यात सात पर्याय: पाणी, झाडी, शेती, गवत, बांधकाम, पडीक आणि बर्फ. बर्फ कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे सगळ्या जगासाठी एकच फॉर्म आहे. ठरलेल्या जागेच्या दहा पावलांच्या आत उभं राहिल्याशिवाय तो उघडत नाही. मग चार दिशांचे चार फोटो काढायचे आणि सातांपैकी एक बटण दाबायचं. आठवा पर्याय नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई, कुसुमताई, माझ्याबरोबर निघाल्या. वय सदुसष्ट, गुडघे खराब, जीभ शाबूत. "तू एकटी गेलीस तर गुजरातेत निघशील," म्हणाल्या. आमच्या जुन्या लाल गाडीत त्यांनी थर्मास, दशम्या, लसणाची चटणी, छत्री आणि घडीचं स्टूल भरलं. स्टूल कशाला? तर उभं राहायचं काम माझं होतं, त्यांचं नव्हे.

दिंडोरी : बर्फ

पहिल्याच जागेला कॉम्प्युटरनं बर्फ म्हटलं होतं. दिंडोरीत! मी दोनदा चष्मा पुसला.

रस्ता सांगणाऱ्या फोनमधल्या बाईशी ताईंचं गाडी सुरू होताच वाजलं. ती म्हणे डावीकडे, ताई म्हणत सरळ. मी दोघींचा मान राखायला गेले आणि एका कॅनॉलच्या कडेला गाडी नेऊन उभी केली. तिथून एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला मागे मागे नेऊन पोचवलं, म्हणजे उपग्रहापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळी साधनं पहिल्या दिवशीच वापरून झाली.

जागा एका द्राक्षबागेत होती. एकरभर बागेवर पांढरं प्लास्टिक ताणलेलं. उन्हात ते असं चकाकत होतं की कॉम्प्युटरचा मला फार राग आला नाही. बागेचे मालक भाऊसाहेब, पन्नाशीचे, हातात कात्री. औषध मारून झाल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाले, म्हणून आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. आम्ही शहरात पाहुण्याला "चहा घेणार का?" विचारतो आणि तो "नको" म्हणाला की सुटलो असं मनात म्हणतो. इथं विचारलं नाही. बसेपर्यंत कप हातात होता, तो संपेपर्यंत दुसरा.

प्लास्टिकचं विचारलं तर ते म्हणाले, वडलांच्या वेळी बागेला कुणी झाकत नव्हतं. पाऊस आपल्या वेळेला यायचा आणि जायचा. आता दिवाळीनंतर येतो, थंडीत येतो, माल तोडायच्या आदल्या दिवशी येतो. म्हणून बागेला हा रेनकोट. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता, पण मी फोन पुढे करून दाखवल्यावर एकदम चढला.

"बर्फ? आमच्या बागंत?"

त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग शांतपणे म्हणाले, "बाई, हे असंच राहू द्या."

झालं होतं असं की त्यांचे साडू उन्हाळ्यात मनालीला जाऊन आले होते आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात बर्फाचे फोटो दाखवत होते. भाऊसाहेबांना सरकारी नकाशावर बर्फ हवा होता, निदान साडूंच्या मुलीच्या साखरपुड्यापर्यंत. मी म्हटलं, मला खोटं लिहिता येत नाही. मी बागेत उभी राहिले, चार फोटो काढले आणि "शेती" दाबलं. ते रुसले. पण निघताना बेदाण्याची पिशवी गाडीत ठेवलीच. आणि मी फोन बंद करायच्या आधी त्या बर्फाच्या पडद्याचा त्यांनी एक फोटो काढून घेतला, तो मी पाहूनही पाहिला नाही.

सिन्नर : गवत

दुसऱ्या दिवशीची जागा सिन्नरच्या बाजूला. दहा वर्षांपूर्वी शेती, आता गवत, असं कॉम्प्युटरचं म्हणणं. शेत पडून गवत माजलं असेल असं समजून मी जुन्या चपला घालून गेले. आणि पोचलो ते एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर. लग्न बारा पस्तीसचं होतं.

फाटकात कुणीतरी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. ताईंनी पदर सावरला आणि त्या ओळखीचं हसत पुढे निघाल्या. मी मागून कुजबुजत होते की ताई, आपल्याला बोलावलेलं नाही, पण त्यांच्या एका कानाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाला ऐकायचं नव्हतं. जेवणाची पंगत कुठं आहे ते त्यांना फोनमधल्या बाईपेक्षा लवकर सापडलं.

फॉर्म मात्र उघडेना. चाळीस पावलं, तीस पावलं, वीस पावलं करत मी पुढे सरकत गेले, तर जागा बरोब्बर स्टेजवर. नवरानवरी उभे, खाली आहेर घेऊन रांग. मी रांगेत उभी राहिले. वर गेल्यावर फॉर्म उघडला. मी उत्तरेचा फोटो काढला, वळले, पूर्वेचा काढला, त्यात नवऱ्याचे मामा आले, दक्षिणेत व्हिडिओवाला. नवरीनं वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "काकू, तुम्ही कुणाकडच्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उपग्रहाकडच्या."

तिनं मान डोलावली. बिचारीला सकाळपासून इतके नातेवाईक भेटले होते की हेही एक.

आता प्रश्न गवताचा. ते प्लास्टिकचं होतं. हिरवंगार, मऊ, आणि नखानं खरवडलं तर खाली सिमेंट. मी वाकून खरवडत असताना चार पाहुणे जमले. एक म्हणाले गवतासारखं दिसतं तर गवतच लिहा. दुसरे म्हणाले बैल खाईल का? नाही ना, मग गवत कसलं? हा मुद्दा मला पटला. मी "बांधकाम" दाबलं. ताई जिलबीच्या तिसऱ्या वेढ्यावर होत्या आणि मठ्ठ्यात आलं कमी असल्याचं वरमायला सांगत होत्या.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. परत येताना आम्ही दोघी इतक्या हसलो की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

घोटीच्या पुढे : दाट झाडी

तिसरी जागा घोटीच्या पुढे, डोंगराकडे. घोटीच्या बाजारात नव्या तांदळाचा वास सुटला होता. खाचरांत भात कापून झालेलं, जागोजाग झोडणी चाललेली. पुढे डांबर संपलं, मग खडी संपली, मग रस्ताच संपला. खालच्या गावात गाडी लावली आणि चढण चढायला लागलो. ताई दर पन्नास पावलांवर स्टूल उघडून बसत.

कॉम्प्युटरनं इथं "दाट झाडी" म्हटलं होतं, आणि वर पोचल्यावर मला वाटलं, चला, एकदाचा बरोबर आला. चहूकडे वेल. दोडका, भोपळा, वाल, पांढरीजांभळी फुलं. पायाखाली सगळं हिरवं आणि जरा दबणारं. फोननं सांगितलं, पोचलात. मी चार दिशांना चार फोटो काढले. घर नाही, माणूस नाही. समाधानानं "झाडी"वर बोट नेणार, तेवढ्यात माझ्या पायाखालून आवाज आला.

"कोन हाय वर? उतरा खाली. कौल फुटंल."

मी घराच्या छपरावर उभी होते.

डोंगराच्या उतारात खाच पाडून घरं बांधलेली. मागच्या बाजूनं छप्पर थेट जमिनीला टेकलेलं, त्यावर वेल चढवलेले. उतारावरून चालत आलेल्या माणसाला जमीन कुठं संपली आणि घर कुठं सुरू झालं ते कळत नाही. तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई एका घरावर उभी राहून इथं घर नाही असं लिहायला निघाली होती. ताई खाली स्टुलावर बसून एवढ्या हसल्या की स्टूल मिटलं.

वेलातून वाकून बाहेर आली ती चांगुणाबाई. माझ्याच वयाची, पण मी दोनदा थांबून चढले ती चढण दिवसातून चारदा चढणारी. तिनं आधी छप्पर तपासलं, मग मला. मग वर हात करून वालाच्या शेंगा ओरबाडल्या आणि चुलीवर भाजी टाकली. नागलीची भाकरी, शेंगांची भाजी, वर मिरचीचा ठेचा. आमचा फ्रीज घरात असतो, तिचा घरावर. आमच्या डब्यातल्या दशम्या तिला फार आवडल्या नाहीत आणि तिनं ते तोंडावर सांगितलं.

पाणी मात्र तिनं मोजून दिलं. अर्धा पेला. मी पेला पुढे केला तर ताईंनी मला कोपर मारलं. कोपऱ्यात एकच हंडा होता, तोही अर्धा.

जेवताना कळलं ते असं. या भोकरीच्या पाड्याचं पाणी खालच्या झऱ्यावरून येतं. तिच्या सासूच्या वेळी तो होळीपर्यंत चालायचा. आता संक्रांतीला आटतो आणि मग खालच्या गावच्या विहिरीवर जावं लागतं, तिथं त्यांच्या बायका आधी, यांच्या नंतर. यंदा नळाची योजना आली. पाइप खालच्या गावापर्यंत येणार आणि तिथंच थांबणार. चांगुणाबाई स्वतः खाली जाऊन विचारून आली होती. तिथल्या माणसानं नव्या नकाशाची कच्ची प्रत काढून दाखवली की वर वस्ती नाही, जंगल आहे.

"मी त्याच्या म्होरं उभी व्हते, बाई. तरी म्हनला, वर कोनी ऱ्हात नाय."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. हाच नकाशा. या कानानं ऐकून त्या कानानं सोडला होता तोच.

मी उठले, पुन्हा जागेवर गेले, या वेळी छपराच्या कडेनं, चार फोटो पुन्हा काढले, त्यांत वेलांशिवाय काही येईना, तरी "बांधकाम" दाबलं. फोननं अर्धा मिनिट विचार केला आणि कळवलं: चारही फोटोंत झाडी आहे, नोंद बाद. पुन्हा दाबलं. पुन्हा बाद. सिग्नल फक्त एका खडकावर येतो म्हणून खडकावर चढून प्रशांतला फोन लावला. तो खरंच हळहळला. म्हणाला, पावसाळ्याच्या चित्रात पाडा झाडी दिसतो. मी म्हटलं, मग उन्हाळ्याचं बघ, तेव्हा वेल वाळतात. त्यानं बघितलं. उन्हाळ्यात मातीची आणि कौलांची घरं मातीच्याच रंगाची, म्हणून पडीक. म्हणजे पावसाळ्यात जंगल, उन्हाळ्यात माळ, आणि माणसं बाराही महिने तिथंच. सोमवारी नकाशा बंद होणार होता, मग त्यात काही बदलता येणार नव्हतं. त्याआधी उपग्रह एकदाच यायचा होता, परवा, गुरुवारी.

हे सगळं मी पाड्याला सांगितलं. अंगणात वीस घरची माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं सुचवलं की वेल उतरवू, घरं दिसतील. चांगुणाबाईनं वर बघितलं. भोपळे धरलेले, शेंगा भरलेल्या. हे उतरवलं तर चैतापर्यंत भाजी म्हणून काही नाही. एकीकडे खाणं, एकीकडे पाणी. मला काही सुचेना, आणि मला काही सुचायचं नाही तेव्हा मी वर्गात करायचे तेच केलं, सगळ्यांना गप्प बसवलं.

सुचलं ते ताईंना. स्टुलावरून त्यांनी झोडणीच्या खळ्याकडे बोट केलं. तिथं भाताखाली ताडपत्र्या अंथरलेल्या होत्या. "एवढ्या मोठ्या चौकोनी वस्तू जंगलात असतात का?" त्यांनी मला विचारलं. आणि मला ते पटलं, कारण माणसाशिवाय कुणी चौकोन काढत नाही.

गुरुवार, साडेदहा

गुरुवारी आम्ही सकाळी साडेनऊलाच पोचलो, रस्ता न चुकता. आयुष्यात पहिल्यांदा.

पाड्यानं अंगण सारवलं होतं. का, ते कुणालाच सांगता येईना, पण कुणी बघायला येणार म्हटल्यावर सारवायचं असतं. वीस घरच्या सगळ्या ताडपत्र्या धुऊन, भात बाजूला सारून, खळ्यावर आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेत कडेला कडा लावून पसरल्या. मी दोरीनं रेषा धरल्या. कोपरे काटकोनात आहेत की नाही हे मी वहीच्या पुठ्ठ्यानं तपासलं, इतकी मी इरेला पेटले होते. सगळ्या ताडपत्र्या निळ्या होत्या. घोटीच्या बाजारात त्याच मिळतात. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवी होती.

माणसं तेल लावून, भांग पाडून आली. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले, कारण वरून बघणारा परका होता. त्यावरून ताईंचं आणि त्यांचं जरा वाजलं. ताई म्हणाल्या, तोंडं झाकली तर त्याला कळणार कसं? म्हणून पदर कपाळापर्यंत मागे गेले. वर बघायचं की समोर, हाही वाद झाला. म्हाताऱ्यानं ठरवलं की समोर, आपण मागायला उभे नाही.

साडेदहा वाजले. काही आवाज नाही, काही दिसलं नाही, एक घार गेली.

"गेलं का?" कुणीतरी विचारलं.

मला कुठं माहीत! सावधगिरी म्हणून आम्ही साडेअकरापर्यंत तसेच उन्हात उभे राहिलो.

रविवार

रविवारी प्रशांतचा फोन आला. त्याचा आवाज ऐकूनच मी खुर्चीत बसले.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या पाड्यावर तळं सापडलंय."

निळ्या ताडपत्र्या. काटकोनातलं, चकचकीत, नवंकोरं पाणी. दहा वर्षांत झालेला बदल म्हणून कॉम्प्युटरनं त्याला ठळक खूणही केली होती. आणि जिथं वरच जलसाठा आहे तिथं नळ नेण्याचा प्रश्नच उरत नव्हता. आधी त्या माणसांना घरं नव्हती, आता मी त्यांना तळं देऊन आले होते. मला रडूच कोसळलं. ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि प्रशांतला विचारलं की मग हे तळं पुसणार कोण.

तो म्हणाला, त्याला पुसता येत नाही. झाडी दिसली तर कुणी बघायला जात नाही. पण नवं पाणी दिसलं तर नियम असा की इंजिनियरनं स्वतः जागेवर जाऊन त्याची खोली मोजायची. तोवर त्या भागाचा नकाशा उघडा राहतो.

ताई म्हणाल्या, "मग पाठव की त्याला. लवकर पाठव."

पुन्हा भोकरीचा पाडा

आठवड्यानं ते आले. एक तरुण इंजिनियर आणि एक मदतनीस, दोघंही घामाघूम. मदतनिसाच्या खांद्यावर ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली काळी ट्यूब होती, तळ्यात उतरायला. इंजिनियरच्या हातात खुणा केलेली लांब दोरी, टोकाला शिशाचं वजन. ती ट्यूब त्या चढणीवरून वर आणताना त्यांचे काय हाल झाले असतील ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आम्ही दोघी खाली अंगणात होतो. वरच्या उतारावर इंजिनियर थांबला, फोन बघितला, भोवताली बघितलं, दोन पावलं पुढे आला.

"तळं कुठं आहे इथं?" त्यानं विचारलं.

त्याच्या पायाखालून चांगुणाबाईचा आवाज आला. "आधी घरावरून उतरा साहेब, मंग सांगते."

तो असा दचकला की त्याला धरायला गेलेल्या मदतनिसाच्या हातून ट्यूब सुटली. ती उड्या मारत उतारावरून खाली गेली, खळ्यातून गेली, दोन कोंबड्या उडवून दिसेनाशी झाली. नंतर ती खालच्या गावात सापडली.

चांगुणाबाईनं त्याला बसवलं, पाणी दिलं. अर्धा पेला. त्यानं एका दमात पिऊन पुन्हा पेला पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "चला, दाखवते तळं." आणि डोक्यावर रिकामा हंडा घेऊन निघाली. तो मागे, मी मागे, ताई त्यांच्या गुडघ्यांना शिव्या देत सगळ्यांच्या मागे. अर्धा तास उतरून झरा आला. दगडांच्या मधे एक खळगा, कडेला पेल्यानं पाणी भरत बसलेल्या दोन बायका. इंजिनियरनं काही बोलायच्या आत तिनं त्याच्या हातातली दोरी पाण्याकडे दाखवली. मोजायला आलात ना, मोजा.

त्यानं दोरी सोडली. शिसं लगेच खाली टेकलं. दोरीवरची पहिली खूणसुद्धा भिजली नाही. मग त्यानं आपल्या हाताची वीत लावून पाहिली.

हंडा भरायला किती वेळ लागला ते मी घड्याळात बघितलं नाही. पण भरल्यावर त्या मुलानं तो उचलायला हात पुढे केला आणि चांगुणाबाईनं दिला. पहिल्या वळणापर्यंत तो कसाबसा चालला. मग तिनं हंडा परत घेतला आणि पुढे झाली.

वर आल्यावर त्यानं घरं मोजली. वेल हातानं बाजूला करत, प्रत्येक दारात डोकावत. एकोणीस झाली. ताईंनी स्टुलावरून सांगितलं, एक चुकलं, तुम्ही ज्यावर उभे होतात ते. मग वीस झाली.

महिन्याभरानं पाड्याचं नाव यादीत आलं, हे मला प्रशांतनं कळवलं. पाइप अजून यायचाय. बर्फाचं म्हणाल तर भाऊसाहेबांनी तो फोटो मोठा करून फ्रेम केल्याचं कळलं. पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. इंजिनियरनं खळ्यावर बसून कागद भरला. त्याचा फॉर्म आमच्यासारखा बटणांचा नव्हता, कागदाचा होता, आणि त्यात खाली दोन रेघा मोकळ्या होत्या. त्या रेघांवर त्यानं पेननं लिहिलं. चांगुणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्याला वाचून दाखवायला सांगितलं.

"तळे नाही," त्यानं वाचलं. "झऱ्याची खोली एक वीत. जागेवर वस्ती आहे. घरे वीस."

चांगुणाबाईनं पदर सावरला.

"ते वस्ती हाय म्हनलात," ती म्हणाली, "तेवढं परत एकदा वाचा."